तीन अक्षरांचा व्रण

१

भिंगरी सापडली ती नायट्रोजनच्या खोलीत. सकाळी माणसं कामावर आली तेव्हा ती जमिनीवर पालथी पडली होती, डोकं आत आणि पाय दाराकडे. अंगावर साधं खरचटलेलंही नव्हतं. पलीकडे द्रव नायट्रोजन ओतायचं रुंद तोंडाचं भांडं कलंडून रिकामं झालं होतं.

भिंगरी म्हणजे माझी भाची, ताईची एकुलती एक मुलगी. लहानपणी एका जागी बसायची नाही म्हणून हे नाव मीच ठेवलं, आणि ती पोटातल्या जंतूंवर संशोधन करायला लागली तरी ते सुटलं नाही. तिचे ते पिळाचे जंतूही सूक्ष्मदर्शकाखाली गिरक्या घेतात. मावशी, ही माझीच भावंडं, असं ती हसत म्हणायची.

नायट्रोजन विषारी नसतो, हवेचा मोठा भाग तोच असतो. पण लहान बंद खोलीत भांडंभर द्रव सांडला की त्याची वाफ होते, प्राणवायूला हुसकून लावते, आणि माणूस दोन-तीन श्वासांत कोसळतो. गुदमरल्यासारखं वाटतही नाही. ताईला मी हे सांगितलं, कारण माझ्याकडे दुसरा दिलासा नव्हता. ती म्हणाली, "म्हणजे तिला कळलंच नाही?" मी नाही म्हटलं.

सांत्वनाला म्हणून भिंगरीच्या संस्थेचे संचालक घरी आले. त्यांनी हात जोडले, पाणी घेतलं, आणि मग घसा साफ करून जे बोलले ते ऐकून मला त्यांना पेल्यासकट बाहेर काढावंसं वाटलं. त्यांचं म्हणणं असं, की भिंगरीने संशोधनात फसवणूक केली होती. संस्थेतल्या नामांकित जंतूची नळी बदलून खोटा निष्कर्ष काढला होता. ते उघडं पडणार हे दिसल्यावर तिने स्वतःच हा मार्ग पत्करला असावा. संस्था मात्र याचा बोभाटा करणार नाही, कुटुंबाने निश्चिंत राहावं.

ते गेल्यावर ताई माझ्याकडे वळली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"ती गेली. ती काही तू परत आणणार नाहीस," ती म्हणाली. "पण माझी मुलगी लबाड होती का, एवढं मला सांग. तुला त्यातलं कळतं."

मला त्यातलं कळतं हे खरं आहे. निवृत्त होईपर्यंत मी जंतूंच्या जातकुळी लावायचंच काम केलं. तरीही त्या क्षणी मला काहीच कळत नव्हतं. मी उठताना ताई तिच्या हातांबद्दल बोलत होती. शेवटचे धरले तेव्हा किती मऊ होते म्हणे, दोन्ही हात, लहानपणीसारखे. मी नुसता तिचा आवाज ऐकत होते, ती काय सांगतेय याकडे माझं लक्षच गेलं नाही.

दुसऱ्याच दिवशी संचालकांचा फोन आला. भिंगरीची फसवणूक तज्ज्ञाने तपासून पक्की करायला हवी होती, आणि त्यांच्या मते या विषयात माझ्याइतकं जाणतं दुसरं कोणी नव्हतं.

२

संचालकांची खोली मोठी होती आणि टेबलावर आम्लपित्ताच्या गोळ्यांची पट्टी कायम उघडी. बोलता बोलता ते एक गोळी तोंडात टाकत. माणूस आढ्यतेखोर, पण आठवणींचा भुकेला. नुसतं हं हं करत बसलं की आपणहून उलगडतो.

पंचवीस वर्षांपूर्वी ही संस्था म्हणजे दोन खोल्या आणि मागे माकडघर होतं. माणसाच्या पोटातल्या आम्लातही एक जंतू ठाण मांडून बसतो आणि जठराला व्रण पाडतो, हे तेव्हा सगळ्यांना कळलेलं होतं. प्राण्यांच्या पोटात त्याचे भाऊबंद कोण, याचा शोध जगभर चालला होता. संस्थेने माकडं निवडली.

"कोऱ्या पोटाची माकडं," संचालक म्हणाले. "औषधाचा एक थेंब त्यांच्या पोटात जाऊ द्यायचा नाही, ही माझी अट. गुरांचे डॉक्टर माकडांना भूल देऊन पोटातला कण काढून आणायचे. महिनोन्‌महिने काही उगवेना. आम्ही टेकीला आलो होतो. आणि एक दिवस उगवलं."

उगवलेल्या जंतूची जात ठरवायला त्यांनी रायबोसोमचा मजकूर वाचला. प्रत्येक जिवंत पेशीत प्रथिनं बनवणारे बारीक कारखाने असतात, ते रायबोसोम. त्यांतल्या एका आरएनएचा मजकूर साधारण दीड हजार अक्षरांचा असतो आणि पिढ्यान्‌पिढ्या तो फार थोडा बदलतो. म्हणून दोन जंतूंचे मजकूर शेजारी ठेवले की कोण सख्खा, कोण चुलत आणि कोण नुसताच गाववाला, ते कळतं. तेव्हा हे वाचन फार कष्टाचं होतं, त्यामुळे त्यांनी एक छोटा तुकडाच वाचला. त्यात माणसाच्या जंतूपेक्षा लागोपाठ तीन अक्षरं वेगळी निघाली. अक्षरं वेगळी आणि प्राणीही वेगळा, तेव्हा नवी जात जाहीर झाली. ज्याने नमुना आणला त्याचं नाव जातीला द्यायची आमच्यात पद्धत आहे, म्हणून जंतू गुरांच्या डॉक्टरांच्या नावाने ओळखला जाऊ लागला आणि संस्था या जंतूमुळे ओळखली जाऊ लागली.

"काय दिवस होते हो," संचालक म्हणाले. "जागरणं, चेष्टामस्करी. मला कोरा म्हणायचे. इथे रुजू होताना प्रत्येकाची श्वासाची चाचणी होते, पोटात जंतू आहे की नाही बघायला, आणि मी आजतागायत कोराच आहे. माझं नुसतं आम्ल. गुरांच्या डॉक्टरांना काळजिभ्या म्हणायचो. कोळसा चघळल्यासारखी काळी जीभ, आणि चहा बिनदुधाचा. आमचा हा लांब्या तेव्हा शाळेतसुद्धा गेला नसेल."

लांब्या म्हणजे भिंगरीचा सहकारी. त्याच्याकडे मी नंतर जाणार होते.

आता भिंगरीने काय केलं? तिने त्या नामांकित जंतूचा सगळा मजकूर प्रथमच नीट वाचला, आणि ती तीन अक्षरं सोडली तर तो सरळ सरळ माणसाचा जंतू निघाला. संचालकांनी तिला झापलं. त्यांच्या मते मूळ नळीत माकडाचाच जंतू होता. तिने तो फेकून माणसाचा भरला, खळबळ उडवून नाव कमवायला.

"कुठल्या माणसाचा?" मी विचारलं.

"तिचा स्वतःचा. तिच्या पोटात जंतू आहे हे चाचणीत निघालेलं होतं. पण आता ते सिद्ध कसं करणार? तिचं पोट तर राहिलं नाही."

असं म्हणून त्यांनी गोळी तोंडात टाकली. हातातला कागददाब त्यांना फेकून मारावा असं मला वाटलं. पण त्यांच्या त्या वाक्याने मला रस्ता दाखवला होता.

"तिचं पोट राहिलं नाही," मी म्हटलं. "पण तिच्या पोटात तो जंतू जिथून आला, ते पोट आहे."

३

हा जंतू वाऱ्यावरून येत नाही. तो बहुधा लहानपणी घरातूनच मिळतो आणि उपचार केला नाही तर जन्मभर सोबत राहतो. आई घास चावून मऊ करते आणि लेकराला भरवते, त्यातूनही जातो. ताई भिंगरीला तसंच भरवायची, आणि मी त्यावरून तिला टोकायचे. रायबोसोमचा मजकूर जात सांगतो. घर सांगायला वेगाने बदलणारी दुसरी जनुकं वाचावी लागतात, आणि ती दोन घरांची सहसा सारखी निघत नाहीत.

ताईचं पोट बरेच दिवस दुखत होतं. दुर्बीण घालून घे म्हणून भिंगरी मागे लागलेली असायची आणि ही आज-उद्या करत राहायची. आता मी सांगितलं तेव्हा तिने एकच विचारलं, यातून तिच्याबद्दल कळेल का? मग पदर खोचून निघाली. तोंडात नळी घेऊन ती कुशीवर पडली होती आणि माझं बोट तिने घट्ट धरलं होतं. डॉक्टरांना व्रण दिसला. त्यांनी तपासणीसाठी घेतलेल्या कणांतला एक मला दिला.

तो नमुना घेऊन मी लांब्याकडे गेले. लांब्या पाहताक्षणी संशय यावा असा माणूस. नजर चुकवणारा, नखं खाणारा, आणि गेल्या महिन्यात भिंगरीशी मोठ्याने भांडलेला. त्याचं कारण त्याने आपणहून सांगितलं. तिने हे सगळं छापायचं ठरवलं होतं आणि तो तिला थांबवत होता. संस्थेचं नाव गेलं असतं तर त्याची नोकरीही गेली असती. "मी घाबरट आहे, मावशी. ती नव्हती," तो म्हणाला आणि एकदम रडायला लागला. मोठा माणूस रडताना पाहवत नाही, मी खिडकीबाहेर बघत राहिले.

मग त्याने मला नायट्रोजनची खोली दाखवली. पोलिसांचं सील दारावर होतं, म्हणून बाहेरूनच. त्या खोलीचा दंडक असा, की एकट्याने जायचं नाही. एकाने आत जायचं आणि दुसऱ्याने स्टूल उघड्या दारात टाकून त्यावर बसायचं. दार जड आहे आणि आपोआप मिटतं. प्राणवायू कमी झाला तर वाजणारा गजर बिघडून पडला होता, त्यामुळे हे स्टूलच काय ते राखण. भिंगरीने हा नियम कधी मोडला नव्हता. पण ती सापडली तेव्हा स्टूल भिंतीशी त्याच्या जागेवर होतं. म्हणून सगळे धरून चालले, की ती एकटीच आत गेली.

"गेली तरी काम काय करणार होती?" लांब्या डोळे पुसत म्हणाला. "आमचे जाड हातमोजे फाटले म्हणून फेकून दिले होते. नवे यायचे होते. त्या आठवड्यात आमच्यापैकी कोणीच आत गेलं नाही. त्या भांड्याला उघड्या हाताने हात लावला तर कातडी चिकटून येते."

मी जागच्या जागी उभी राहिले. ताईचे शब्द आता कुठे माझ्या डोक्यात शिरले. दोन्ही हात मऊ. एक फोड नाही, एक चट्टा नाही. ते भांडं भिंगरीने कलंडवलेलं नव्हतं.

४

हे मी तपास करणाऱ्या इन्स्पेक्टरांना सांगितलं. शांत, कमी बोलणारा माणूस. त्यांनी शवविच्छेदनाचा अहवाल काढून पाहिला. हातांबद्दल त्यात काही नव्हतं, कारण लिहिण्यासारखं काही सापडलंच नव्हतं. एवढ्यावर कोणाला धरता येत नाही, असं ते म्हणाले. पण प्रकरण बंद करायचं त्यांनी थांबवलं.

ताईच्या जंतूचं वाचन झालं. रायबोसोमचा मजकूर माणसाच्या जंतूचा, कुठेही खोट नाही, आणि ती तीन वेगळी अक्षरंही त्यात नाहीत. वेगाने बदलणारी जनुकं तर नळीतल्या जंतूशी कुठेच जुळेनात. नळीतला जंतू आमच्या घरातला नव्हता.

संचालक ढिम्म. म्हणाले, मग दुसऱ्या कोणाचा तरी भरला असेल. रुग्णालयात काय, जंतूंना तोटा आहे?

त्याला उत्तर होतं, आणि ते आमच्या धंद्यातल्याच एका रिवाजात होतं. नवी जात जाहीर करताना तिचा मूळ जंतू एकाच जागी ठेवून चालत नाही, दोन वेगळ्या संग्रहांत द्यावा लागतो. एकीकडे आग लागली तर दुसरीकडे वंश राहावा म्हणून. तेव्हा या जंतूची एक जुळी कुपी समुद्रापलीकडच्या एका संग्रहात पडून होती. वाळवलेली, काचेत बंद केलेली, आणि पंचवीस वर्षांत कोणी न मागितलेली. भिंगरीचा हात तिथे पोचणं शक्य नव्हतं. मी ती मागवली. यायला महिना गेला, आणि तो महिना आम्ही दोघी बहिणींनी कसा काढला ते मी लिहीत नाही.

कुपी मी संचालकांच्या आणि लांब्याच्या समोर फोडली. जंतू उगवला, वाचला. मजकूर माणसाचाच, तीन अक्षरं वेगळी, तीच आणि त्याच जागी. घराची जनुकंही संस्थेतल्या नळीशी तंतोतंत.

भिंगरीने काहीही बदललेलं नव्हतं. तो जंतू पहिल्या दिवसापासून माणसाचाच होता.

संचालक खुर्चीत बसले आणि एकदम म्हातारे दिसायला लागले. त्यांचं वाईट वाटायला हवं होतं, पण मला वाटलं नाही. "मग ती तीन अक्षरं?" त्यांनी विचारलं. "ती तर खरी आहेत ना?"

अक्षरं खरीच होती. संचालकांनी ती वंशाची खूण मानली होती, आणि तो जखमेचा व्रण होता. एक जुनं औषध आहे, जंतूच्या रायबोसोमला नेमकं याच जागी चिकटून त्याचा कारखाना बंद पाडणारं. एखादा जंतू ही अक्षरं बदलून त्यातून वाचतो. मग त्याच्या लेकरांत तो बदल कायम राहतो. असा जंतू सापडतो तो त्या औषधाचा उपचार घेऊनही बरा न झालेल्या माणसाच्या पोटात.

"माकडांना कोणी दिलं असेल ते औषध," ते पुटपुटले.

"थेंबसुद्धा जाऊ द्यायचा नाही, ही अट तुमचीच."



मी पुढे सांगितलं. "ते औषध एकटं देत नाहीत. त्याच्याबरोबर बिस्मथच्या गोळ्या असतात. त्या घेताना माणसाची जीभ काळी पडते. आणि दुधाने औषधाचा जोर जातो, म्हणून डॉक्टर बजावतात की त्याच्यासोबत दूध नको. तुमच्यापैकी तेव्हा बिनदुधाचा चहा कोण पीत होतं?"

लांब्याला काही कळलं नाही. पण संचालकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि हलक्या आवाजात ते एकच शब्द बोलले, त्यांनी स्वतःच ठेवलेलं ते टोपणनाव.

५

गुरांच्या डॉक्टरांचा दवाखाना संस्थेपासून जवळच होता. दारात एक म्हैस बांधलेली आणि आत औषधांचा आणि शेणाचा मिसळलेला वास. डॉक्टर साठीच्या पुढचे, भरघोस मिशांचे. भिंतीवर त्यांनी त्या जंतूचं मोठं छायाचित्र चौकटीत लावलं होतं आणि खाली स्वतःचं नाव, त्या जातीच्या नावात गुंफलेलं. बाकी भिंतीवर लसींचे तक्ते. इन्स्पेक्टर माझ्याबरोबर होते, पण त्यांनी बोलायचं माझ्यावर सोडलं होतं.

भिंगरीबद्दल ते कळवळून बोलले. मला काका म्हणायची, म्हणाले. फार गुणी पोर. ते खोटं नव्हतं, आणि म्हणून ऐकवत नव्हतं.

मी विचारलं की तिने त्यांना त्या वाचनाबद्दल सांगितलं होतं का. ते नाही म्हणाले. संस्थेत शेवटचं कधी गेलात? इन्स्पेक्टरसाहेबांना सांगितलंय की, गेल्या वर्षीपासून गेलोच नाही. कृत्रिम रेतनाचं काम आता सोडलं, त्यामुळे नायट्रोजन लागत नाही.

वळूच्या वीर्याच्या कांड्या द्रव नायट्रोजनमध्येच टिकतात. डॉक्टर आपला कॅन संस्थेच्या मागच्या दाराने येऊन फुकट भरून नेत, हे लांब्याने मला त्या पहिल्याच दिवशी बोलण्याच्या ओघात सांगितलं होतं. नायट्रोजनची गाडी या भागात फक्त संस्थेत यायची. आणि कितीही जपला तरी असा कॅन तीन-चार महिन्यांत सुकतो.

कॅन कोपऱ्यात होता, वर गोणपाट टाकलेलं. शेजारच्या खुंटीला कोपरापर्यंतचे चामडी हातमोजे टांगले होते. मी गोणपाट बाजूला केलं आणि झाकण उचललं. पांढरी वाफ कडेवरून ओसंडून माझ्या पायांवर उतरली.

बाहेर म्हैस रवंथ करत होती, तेवढाच आवाज.

"गेल्या वर्षीचा नायट्रोजन अजून धुमसतोय, डॉक्टर," मी म्हटलं. "ओतून टाकला असता तर मी आत्ता काय करणार होते? पण कांड्या वाया गेल्या असत्या. चांगल्या वळूच्या असतील. त्या तुमच्याने मारवल्या नाहीत."

ते स्टुलावर बसले. मग बोलायला लागले तेव्हा आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता.

तेव्हा माकडांच्या पोटातून काही उगवत नव्हतं. माकडघर बंद करायची भाषा सुरू झाली होती. त्याच सुमाराला त्यांच्या पोटात दुर्बीण घातली गेली, उपचार फसला होता म्हणून. त्यांनी एक कण मागून घेतला आणि माकडाच्या नळीत टाकला. थोडे दिवस ढकलायला. हे चतुर लोक चार दिवसांत ओळखतील आणि आपल्याला हसतील, अशीच त्यांची खात्री होती. पण कोणी हसलं नाही. नवी जात झाली, हार घातले गेले, नाव लागलं.

"आयुष्यभर गुरांच्या शेपटीमागे उभा राहिलो," ते म्हणाले. "मला कोण ओळखतं? पण ते नाव पुस्तकांत आहे. माझ्या नातवाने मला शाळेच्या पुस्तकातून वाचून दाखवलं."

भिंगरीला त्यांचा संशय आलाच नव्हता. तिला वाटलं होतं, जुन्या काळी नळ्यांची सरमिसळ झाली असेल. छापून येण्याआधी काकांना आपल्या तोंडून कळावं, त्यांना वाईट वाटेल, म्हणून ती आपणहून सांगायला आली. जाताना तिने साधेपणाने विचारलं, काका, तेव्हा तुमच्यापैकी कोणाला पोटाचा त्रास होता का हो?

दोन दिवसांनी सकाळी लवकर ते कॅन घेऊन मागच्या दाराने गेले. ती नेहमी सगळ्यांच्या आधी यायची. कोणीतरी दाराशी बसायला हवं होतं, ती बसली. त्यांनी कॅन भरून बाहेर ठेवला. पुन्हा आत गेले, ओतायचं भांडं कलंडवलं, श्वास रोखला आणि भिंतीशी पडून राहिले.

"ती दारातच थांबली असती," मी म्हटलं. "नियम तोच आहे. आतला पडला तर बाहेरच्याने आत जायचं नाही, माणसं बोलवायची. तिला तो पाठ होता."

"हो."

"मग?"

"मला पडलेलं बघितलं आणि धावत आली," ते म्हणाले. "काका, काका करत."

ओरडता ओरडता तिने श्वास घेतला. ते उठून तिच्या शेजारून बाहेर पडले, स्टूल भिंतीशी ठेवलं आणि दार आपोआप मिटलं. डोकं आत, पाय दाराकडे. ती बाहेर पळत नव्हती, आत पळत होती.

इन्स्पेक्टर उठले. जाताना डॉक्टरांनी भिंतीवरच्या चौकटीकडे पाहिलं, आणि मी त्यांना सांगायचं ते सांगितलंच. दोन जाती एकच निघाल्या तर आमच्यात आधीचं नाव टिकतं आणि नंतरचं गळून पडतं. भिंगरी जगली असती तर सरमिसळ झाली असं छापून आलं असतं आणि चार लोकांनी हळहळ व्यक्त केली असती. आता ते नाव कायमचं राहणार होतं, पण पुस्तकांत नाही, पोलिसांच्या कागदांत. मला हे बोलून बरं वाटलं. त्याबद्दल मला लाज वाटत नाही.

६

ताईला मी सगळं सांगितलं. स्वयंपाकघरात बसून, हळूहळू, काही न लपवता. ती लबाड नव्हती हे ऐकताना तिने मान हलवली, ते जणू तिला माहीतच होतं आणि फक्त माझ्या तोंडून ऐकायचं होतं. ती आत का धावली ते मात्र मला दोनदा सांगावं लागलं. दुसऱ्या वेळी ताई उठून भांडी घासायला लागली. स्वच्छ भांडी होती, तीच घासत राहिली.

"त्यावरून मी तिला रागवूही शकत नाही," ती पाठमोरीच म्हणाली. "लहानपणी कोणी पडलं की ही धावायची. मी कौतुक करायचे."

दुर्बीण घालणाऱ्या डॉक्टरांनी ताईला औषधं लिहून दिली होती. दोन आठवड्यांचा उपचार, जंतू समूळ जाण्यासाठी. नाही घेतला तर व्रण वाढेल, पुढे आणखी वाईटही होऊ शकतं, असं त्यांनी बजावलं होतं. मी गोळ्या आणून दिल्याला बरेच दिवस झाले होते. पाणी प्यायला उठले तेव्हा मला दिसलं, पुडकं फडताळात तसंच होतं, न फोडलेलं.

मी रागावले. रागावण्यात माझा हात कोणी धरणार नाही. एक गेली, आता तूही जातेस का, असंसुद्धा बोलून गेले. ताईने ऐकून घेतलं. हात पुसले, माझ्यासमोर येऊन बसली.

"तू त्या दिवशी सांगितलंस ना, माझ्या पोटातले आणि तिच्या पोटातले एकाच घरातले?"

"हो."

"माझ्याकडूनच गेले तिच्याकडे. मी घास चावून द्यायचे त्यातून."

"बहुतेक त्यातूनच."

"आणि ते जिवंत आहेत अजून. माझ्यात."

इतकी वर्षं मी याच गोष्टी वाचत आले, कोण कोणाचं, कोणाकडून कोणाकडे आलं. ते अशा नजरेने मी एकदाही पाहिलं नव्हतं.

ताईने पोटावर हात ठेवला. दुखत असावं, कारण तिचा चेहरा आखडला. पण हात तिने काढला नाही.

"गिरक्या घेतात म्हणायची ना ती?" ताई म्हणाली. "राहू दे त्यांना."

ते पुडकं मी उचलून पिशवीत घातलं. मग पुन्हा बाहेर काढून फडताळात ठेवलं, तिच्या हाताशी येईल असं. आणि पुढच्या आठवड्यात मी पुन्हा येऊन तिच्याशी भांडणार आहे.